डिझेल आणि रस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या उत्तरांत शेवटपर्यंत एकच उदाहरण धरलं आहे: गावातलं सार्वजनिक वाचनालय. तीन टेबलं आहेत, पुस्तकं, सभासद आणि देवघेव. देवघेवीच्या प्रत्येक ओळीत कोणी कोणतं पुस्तक कधी नेलं आणि कधी परत केलं, एवढंच. डिझेलची दुसरी आवृत्ती गृहीत धरली आहे. पहिल्या आवृत्तीच्या काळातलं काही वाचून आला असाल, तर जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

## डिझेल म्हणजे नेमकं काय?

रस्ट भाषेतून पोस्टग्रेस, मायएसक्यूएल किंवा एसक्यूलाइटशी बोलायची लायब्ररी. ओआरएमही आहे (टेबलांच्या ओळी आणि कोडमधल्या वस्तू यांची सांगड घालणारं), आणि क्वेरी बिल्डरही (कोडमधून एसक्यूएल जुळवणारं), पण खरं सांगायचं तर दुसरी ओळख जास्त खरी आहे. रस्टची १.० आवृत्ती मे २०१५मध्ये आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस डिझेलचं पहिलं प्रकाशन झालं. ते सुरू झालं रूबी ऑन रेल्सच्या ॲक्टिव्ह रेकॉर्ड या ओआरएमची देखभाल करणाऱ्या हातांतून. ॲक्टिव्ह रेकॉर्डमध्ये कोणत्या चुका प्रोग्राम चालू झाल्यावरच कळतात, हे ज्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं, त्यांनी त्या चुका कंपायलरच्या ताब्यात द्यायचं ठरवलं. १.० आवृत्ती जानेवारी २०१८मध्ये आली, २.० ऑगस्ट २०२२मध्ये. परवाना एमआयटी किंवा अपाची २.०, तुम्हाला सोयीचा तो घ्या.

रस्टची सगळी पॅकेजं जिथून उतरतात ती क्रेट्स डॉट आयओ ही साइट स्वतः डिझेलवर चालते. लेमी हे विकेंद्रित चर्चा-सॉफ्टवेअरही.

## 'हलकी लायब्ररी' म्हणता, मग कंपाइल व्हायला इतका वेळ का लागतो?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात चीड असते आणि ती योग्यच आहे.

डिझेल हलकं आहे ते चालताना. त्यात सेशन नाही, वस्तूंवर पाळत ठेवणारी यंत्रणा नाही, गुपचूप मागून क्वेरी मारणारं आळशी लोडिंग नाही. पुस्तकाची ओळ तुमच्या स्ट्रक्टमध्ये (नावं दिलेल्या फील्डांचा रस्टमधला गठ्ठा) आली की ती साधी स्ट्रक्ट असते, तिला डेटाबेसची आठवणही नसते. शिवाय बहुतेक क्वेरींचा आकार कंपाइल होतानाच ठरलेला असतो. त्यामुळे तीच क्वेरी त्याच कनेक्शनवर दुसऱ्यांदा आली, की डिझेल तिच्या प्रकारावरूनच आधी तयार करून ठेवलेलं स्टेटमेंट शोधतं. एसक्यूएलचा मजकूर पुन्हा जुळवायचीही गरज पडत नाही.

हे सगळं वजन गेलं कंपायलरच्या डोक्यावर. तुम्ही 'फिल्टर', 'ऑर्डर', 'लिमिट' असं एकापुढे एक लावत जाता तेव्हा प्रत्येक पायरीला नवा, आधीच्यापेक्षा लांब प्रकार तयार होतो आणि कंपायलर तो तपासत बसतो. त्यातच, किती कॉलमांपर्यंतची टेबलं चालतील हे एका फीचरवर (कंपाइल करताना चालू-बंद करता येणारी सोय) ठरतं. मूळची मर्यादा ३२ कॉलमांची असते, पुढे ६४ आणि १२८ची सोय आहे. ६४ चालू केलंत की तितक्या आकारापर्यंतच्या सगळ्या टपलांसाठी (टपल म्हणजे क्रमाने बांधलेल्या किमती) कोड तयार होतो आणि चहा गार होतो. म्हणून ३३ कॉलमांचं एक टेबल दिसलं की आधी ते टेबल फोडता येतं का पाहा. एकाच क्वेरीत कोणती टेबलं एकत्र येऊ शकतात हे सांगणारा जो मॅक्रो (कोड लिहून देणारा कोड) असतो, तो तर टेबलांच्या प्रत्येक जोडीसाठी कोड काढतो. दहा टेबलांना जाणवत नाही, शंभराला चांगलंच जाणवतं.

उपाय साधे आहेत. रोजच्या कामात 'कार्गो बिल्ड'ऐवजी फक्त तपासणी करणारं 'कार्गो चेक' चालवा. टेबलांचं वर्णन आणि मॉडेल वेगळ्या क्रेटमध्ये, म्हणजे रस्टच्या पॅकेजमध्ये ठेवा, म्हणजे हँडलरमधली (विनंतीला उत्तर देणाऱ्या फंक्शनमधली) एक ओळ बदलली म्हणून ते पुन्हा कंपाइल होणार नाहीत. न लागणाऱ्या डेटाबेसची फीचर्स बंद ठेवा.

## एसक्यूएल न शिकता चालेल का?

नाही. डिझेल एसक्यूएल लपवत नाही, त्याला रस्टचे प्रकार चढवतं. 'लेफ्ट जॉइन' म्हणजे काय हे माहीत नसेल तर डिझेलचा 'लेफ्ट-जॉइन' वापरताना तुम्हाला उजव्या टेबलाची स्ट्रक्ट 'ऑप्शन'मध्ये ('किंमत असेल किंवा नसेल' असं सांगणारा रस्टचा प्रकार) का गुंडाळावी लागते हे कळणार नाही. ज्याला कळतं, त्याला मात्र कंपायलर हाताला धरून तिथे नेतो.

## पहिल्याच दिवशी लिंकर अडकला. 'एलपीक्यू सापडत नाही' म्हणतोय.

डिझेल स्वतः पोस्टग्रेसची भाषा बोलत नाही, पोस्टग्रेसच्या लिबपीक्यू नावाच्या सी लायब्ररीमार्फत बोलतं. ती लायब्ररी तुमच्या मशीनवर नाही, एवढाच या चुकीचा अर्थ. उबुंटू किंवा डेबियनवर 'लिबपीक्यू-डेव्ह' हे पॅकेज टाका. एसक्यूलाइटसाठी 'लिबएसक्यूलाइट३-डेव्ह'.

हीच अडचण डिझेलचं कमांड-लाइन हत्यार बसवताना सगळ्यात जास्त येते, कारण काही न सांगता बसवलं तर ते तिन्ही डेटाबेसच्या लायब्ऱ्या मागतं. पोस्टग्रेसच वापरणार असाल तर मूळ फीचर्स बंद करून फक्त 'पोस्टग्रेस' द्या. नवख्या माणसाचा अर्धा दिवस इथे जातो आणि तो समजतो की रस्ट अवघड आहे. एसक्यूलाइटला तर त्याचा सी कोड सोबतच कंपाइल करून घ्यायची 'बंडल्ड' सोय आहे. विंडोजवर ती सगळ्यात कमी डोकेदुखीची.

## पासवर्ड बरोबर आहे, तरी कनेक्शन होत नाही.

पासवर्डमध्ये ॲटची खूण आहे का? डेटाबेसचा पत्ता यूआरएलच्या रूपात लिहितो, त्यात ॲटच्या पुढे सर्व्हरचं नाव सुरू होतं. त्यामुळे पासवर्डातल्या ॲटच्या जागी टक्क्याची खूण आणि पुढे चार-शून्य असं लिहावं लागतं. असं दुसरं कुठलंही चिन्ह असेल तर तेही त्याच पद्धतीने.

## कंपायलर तपासतो म्हणता, पण कशाच्या आधारावर? तो डेटाबेसला जोडला जातो का?

नाही, आणि इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे.

तुमच्या प्रकल्पात 'स्कीमा' नावाची एक फाइल असते. कोणत्या टेबलात कोणते कॉलम, कोणत्या प्रकारचे, रिकामे चालतात की नाही, हे तिच्यात मॅक्रोच्या भाषेत लिहिलेलं असतं. डिझेलचं हत्यार मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेत करायचा बदल लिहिलेली फाइल) चालवल्यावर ती फाइल खऱ्या डेटाबेसकडे पाहून लिहून काढतं. कंपायलर त्यानंतर त्या फाइलवर विश्वास ठेवतो. सातबाऱ्याचा उतारा घेऊन व्यवहार करावा तसं हे आहे. उतारा ताजा असेल तोवर ठीक. सर्व्हरवर कोणी हाताने कॉलम उडवला तर तुमचा कोड आनंदाने कंपाइल होईल आणि पहिल्या सभासदासमोर पडेल.

म्हणून दोन सवयी. डेटाबेसमध्ये हाताने बदल करायचा नाही, प्रत्येक बदल मायग्रेशनमधून. आणि सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या तपासणीत) मायग्रेशन चालवताना 'लॉक्ड-स्कीमा' हा पर्याय द्यायचा, म्हणजे फाइल आणि डेटाबेस जुळत नसतील तर तिथेच लाल दिवा लागतो.

एसक्यूएलएक्स ही दुसरी प्रसिद्ध लायब्ररी नेमकं उलट करते. तिथे तुम्ही एसक्यूएल मजकूर म्हणून लिहिता आणि तिचे मॅक्रो कंपाइल होताना खऱ्या डेटाबेसला विचारतात की हे चालेल का. तपासणी खऱ्या डेटाबेसकडून होते हा फायदा, कंपाइल करायला डेटाबेस किंवा त्याच्या उत्तरांची साठवलेली नक्कल लागते हा तोटा.

## मग डिझेल, एसक्यूएलएक्स की सीओआरएम?

सीओआरएम ही एसक्यूएलएक्सवर उभी आहे, पहिल्यापासून असिंक आहे (उत्तराची वाट पाहताना थ्रेड अडवून ठेवत नाही) आणि इतर भाषांतल्या ओआरएमची सवय असलेल्यांना जवळची वाटते. तिच्यात बऱ्याच चुका चालताना कळतात, त्या बदल्यात कंपायलर कमी भांडतो. क्वेऱ्या मोजक्या आणि गुंतागुंतीच्या असतील, अहवाल काढायचे असतील, तर मी एसक्यूएलएक्स घेतो. वापरणारा शोधाचे सात रकाने हवे तसे भरणार आणि त्यातून क्वेरी तुकड्यातुकड्याने जुळवायची, असं असेल तर डिझेल. फक्त एसक्यूलाइट आणि चार क्वेऱ्या असतील तर यांपैकी काहीच नको, रसक्यूलाइट ही साधी लायब्ररी पुरे.

## पुस्तकाच्या नावाच्या जागी लेखकाचं नाव दिसतंय. कंपायलरने कसं सोडलं?

कारण क्वेरीतून आलेली ओळ स्ट्रक्टमध्ये भरणारा 'क्वेरिएबल' कॉलमांची नावं पाहत नाही, क्रम पाहतो. क्वेरीतला पहिला कॉलम स्ट्रक्टच्या पहिल्या फील्डमध्ये, दुसरा दुसऱ्यात. नाव आणि लेखक दोन्ही मजकूरच असल्यामुळे प्रकार जुळले आणि कंपायलरला शंका यायचं कारण उरलं नाही. मी ही चूक केली आहे. एका संस्थेच्या यादीत दोन तारखांची फील्ड्स स्ट्रक्टमध्ये वरखाली झाली आणि जवळजवळ आठवडाभर प्रत्येक पुस्तक नेण्याआधीच परत आलेलं दिसत होतं. कोणाच्या लक्षातही आलं नाही, यावरून ती यादी किती वाचली जात होती ते समजा.

उपाय दुसऱ्या आवृत्तीत आला: 'सिलेक्टेबल'. स्ट्रक्टवर तो लावला आणि क्वेरीत 'ॲज-सिलेक्ट' वापरलं की कोणते कॉलम मागवायचे ते स्ट्रक्टच्या फील्डांच्या नावांवरून ठरतं, क्रमाचा प्रश्नच मिटतो. नव्या कोडमध्ये 'क्वेरिएबल' एकटा लिहूच नका. त्याच जागी 'चेक-फॉर-बॅकएंड' अशी खूण करून डेटाबेसचं नाव दिलंत तर प्रकार न जुळल्यास नेमक्या त्या फील्डवर बोट ठेवणारी चूक मिळते.

## चूक सांगणारा संदेश दोन पानांचा आहे. वाचायचा कसा?

खालून वर. वरच्या ओळीत एखादी अट पूर्ण होत नाही असं म्हटलेलं असतं आणि तिच्यातला प्रकार इतका लांब असतो की कंपायलर कधीकधी हात टेकून तो वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. त्या फाइलीच्या नादी लागू नका. तुमच्या कोडमधल्या कोणत्या ओळीकडे बाण आहे ते पाहा, आणि मग हे क्रमाने तपासा: कॉलम रिकामा चालणारा आहे पण फील्डला 'ऑप्शन' नाही, असं आहे का? कॉलम 'बिगइंट', म्हणजे ६४ बिटांचा, आणि फील्ड ३२ बिटांचं आहे का? तारखेसाठी 'क्रोनो' वापरताय पण डिझेलचं 'क्रोनो' फीचर चालू केलेलं नाही, असं तर नाही? जॉइन केलेली दोन टेबलं एकत्र येऊ शकतात हे स्कीमात सांगितलं आहे का? माझ्या अनुभवात दहांपैकी आठ वेळा उत्तर या चारांतच असतं. आणि त्या आठांतही निम्म्या वेळा 'ऑप्शन'.

बेरजेचं एक वेगळं लक्षात ठेवा. दंडाचे रुपये ३२ बिटांच्या कॉलमात असतील तर 'सम' ६४ बिटांचं उत्तर देतो, तेही 'ऑप्शन'मध्ये, कारण एकही ओळ नसेल तर एसक्यूएलमध्ये बेरीज शून्य येत नाही, नल, म्हणजे 'किंमतच नाही', अशी येते.

## एका सभासदाची सगळी पुस्तकं हवीत. 'हॅज-मेनी' कुठे आहे?

'एकाचे अनेक' हे नातं सांगणारी ती सोय इथे नाहीच. डिझेलमध्ये नातं फक्त मुलाच्या बाजूने लिहितात: देवघेव ही सभासदाची आहे. 'सभासद डॉट पुस्तकं' असं लिहून मागच्या मागे क्वेरी सुटणं इथे शक्य नाही.

सुरुवातीला हे कंजूषपणाचं वाटतं. पण शंभर सभासदांची यादी छापताना प्रत्येकासाठी एक क्वेरी, म्हणजे एकूण एकशेएक, हा जो ओआरएमचा जुना रोग, तो इथे नकळत होऊ शकत नाही. मुद्दाम लूपमध्ये क्वेरी लिहिलीत तर होईल, पण मग ती तुमच्या डोळ्यांसमोर असते. डिझेलची पद्धत अशी: आधी सभासद आणा. मग 'बिलाँगिंग-टू'ला ती सगळी यादी देऊन त्यांच्या साऱ्या देवघेवी एकाच क्वेरीत आणा. शेवटी 'ग्रुप्ड-बाय'ने त्या ज्याच्या त्याच्या वाट्याला लावा. क्वेऱ्या दोन, सभासद शंभर असोत की पाच हजार. वाटणी मेमरीत होते, डेटाबेसला त्याचा पत्ता नसतो.

देवघेव आणि पुस्तक असं एकास एक हवं असेल तर सरळ 'इनर-जॉइन' करा आणि दोन स्ट्रक्टांचं टपल घ्या.

## पुस्तक परत आलं नाही म्हणून तारीख पुन्हा रिकामी करायची आहे. 'नन' दिलं तरी काही होत नाही.

स्ट्रक्टवरून 'अपडेट' बनवणाऱ्या 'ॲज-चेंजसेट'मध्ये 'नन'चा (रिकाम्या 'ऑप्शन'चा) अर्थ 'हे फील्ड सोडून दे' असा आहे, 'नल कर' असा नाही. वेबवरून अर्धामुर्धा फॉर्म येतो तेव्हा ही सोय बरी पडते. नल करायचंच असेल तर दोन वाटा: संपूर्ण स्ट्रक्टवर 'ट्रीट-नन-ॲज-नल' लावा, किंवा त्या एका फील्डचा प्रकार 'ऑप्शनमध्ये ऑप्शन' करा. मग बाहेरचं 'नन' म्हणजे हात लावू नको, आतलं 'नन' म्हणजे रिकामं कर. दुसरी वाट दिसायला विचित्र आहे, पण मी तीच घेतो, कारण पहिल्या वाटेने एक दिवस कोणीतरी अर्धा फॉर्म पाठवतो आणि उरलेलं सगळं पुसलं जातं.

सगळीच फील्ड्स 'नन' असतील तर डिझेल क्वेरी बनवायलाच नकार देतं आणि बदलायला काही नाही अशी चूक परत करतं. ती पकडा. आणि नवी ओळ घालताना 'नन' दिलंत तर तिसराच अर्थ: कॉलमाला ठरलेली मूळ किंमत असेल तर ती बसते.

## फिल्टर लिहायला विसरलो तर?

'डिलीट'ला नुसतं टेबल दिलंत तर सगळं टेबल रिकामं होतं. 'अपडेट'चंही तसंच. हे पूर्ण वैध एसक्यूएल आहे, प्रकार जुळतात, कंपायलर गप्प बसतो.

## ट्रान्झॅक्शन कसं चालतं?

कनेक्शनवर 'ट्रान्झॅक्शन' बोलावून त्याला एक क्लोजर, म्हणजे कोडचा एक तुकडा द्यायचा. क्लोजर 'ओके' परत करतं तर कमिट (बदल पक्के), 'एरर' परत करतं तर रोलबॅक (सगळे बदल मागे). पुस्तक देताना देवघेवीत ओळ घालणं आणि शिल्लक प्रती एकाने कमी करणं, ही दोन्ही कामं अशी एका क्लोजरमध्ये हवीत. चुकांसाठी तुमचा स्वतःचा प्रकार वापरणार असाल तर डिझेलची चूक त्यात रूपांतरित होईल अशी 'फ्रॉम'ची सोय करावी लागते. ट्रान्झॅक्शनच्या आत पुन्हा ट्रान्झॅक्शन उघडलंत तर आतलं सेव्हपॉइंट (अधलीमधली परत येण्याची खूण) बनतं.

पोस्टग्रेसवर एक खड्डा आहे. आतली एखादी क्वेरी फसली, तुम्ही ती चूक गिळलीत आणि पुढची क्वेरी मारलीत, तर ती बरोबर असली तरी नाकारली जाते, कारण पोस्टग्रेसच्या लेखी ते ट्रान्झॅक्शन तेव्हाच मेलं. फसू शकेल अशी क्वेरी आतल्या ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवा, म्हणजे फक्त सेव्हपॉइंटपर्यंत मागे येता येतं.

## जुन्या लेखांतला कोड चालत नाही, कनेक्शनवर 'म्यूट' मागतो.

पहिल्या आवृत्तीत कनेक्शनचा साधा संदर्भ चालायचा. दुसऱ्या आवृत्तीपासून बदलता येण्याजोगा संदर्भ लागतो. एक कनेक्शन एका वेळी एकच काम करतं हे आता प्रकारातच लिहिलेलं आहे. एकाहून जास्त कामं एकदम हवी असतील तर पूल, म्हणजे कनेक्शनांचा साठा घ्या. डिझेलसोबत आर२डी२ या पूल-लायब्ररीची सोय येते आणि त्यात काही न सांगता कमाल दहा कनेक्शनं असतात.

## असिंक नाही म्हणून डिझेल जुनाट झालं का?

मूळ डिझेल सिंक आहे आणि तसंच राहिलं आहे. त्याच्या आजच्या मुख्य देखभालकर्त्याने डिझेल-असिंक नावाची वेगळी क्रेट दिली आहे. क्वेरी लिहायची पद्धत तीच, फक्त शेवटी 'अवेट'. पोस्टग्रेससाठी ती टोकियो-पोस्टग्रेसवर चालते, म्हणजे वरच्या लिबपीक्यूच्या भानगडीतूनही सुटका. एसक्यूलाइटला आतून असिंक असं काही नाही, तिथे ती सिंक कनेक्शनवर वेष्टन घालते.

पण लागतंच का, हे आधी विचारा. वाचनालयाला दिवसभरात येणाऱ्या विनंत्या एका थ्रेडनेही उरकतील. ॲक्सम किंवा ॲक्टिक्स या असिंक वेब-फ्रेमवर्कांमध्ये सिंक डिझेल वापरायचं तर क्वेरीचं काम 'स्पॉन-ब्लॉकिंग'कडे, म्हणजे वेगळ्या थ्रेडकडे द्या. तसं न करता थेट असिंक हँडलरमध्ये क्वेरी मारलीत तर चालतं, चाचणीतही चालतं, आणि गर्दीच्या दिवशी सगळा सर्व्हर एका मंद क्वेरीमागे उभा राहतो.

## मायग्रेशन अर्ध्यात तुटलं. आता?

पोस्टग्रेसवर असाल तर घाबरू नका. प्रत्येक मायग्रेशन ट्रान्झॅक्शनमध्ये चालतं, तुटलं तर सगळं मागे येतं. मायएसक्यूएलवर टेबल बदलणाऱ्या आज्ञा मागे घेता येत नाहीत, म्हणून तिथे एका मायग्रेशनमध्ये एकच बदल ठेवा, नाहीतर हाताने साफसफाई आलीच.

पोस्टग्रेसवर चालू टेबल न अडवता इंडेक्स बांधायचा, म्हणजे 'कॉन्करंटली', तर तो ट्रान्झॅक्शनमध्ये बांधता येत नाही. अशा मायग्रेशनच्या फोल्डरमध्ये 'मेटाडेटा' नावाची टॉमल फाइल ठेवून त्यात ट्रान्झॅक्शन नको असं लिहिता येतं.

आणि मायग्रेशन उलटवणारी 'डाउन'ची फाइल रिकामी ठेवू नका. 'मायग्रेशन रीडू' एकदा चालवून पाहा, दोन मिनिटांत कळतं.

## एसक्यूलाइटवर फॉरेन की लावली आहे, तरी नसलेल्या सभासदाच्या नावे पुस्तक जातं.

एसक्यूलाइट फॉरेन की वाचतो, पण सांगितल्याशिवाय पाळत नाही. प्रत्येक नव्या कनेक्शनवर 'फॉरेन-कीज' हा प्राग्मा (एसक्यूलाइटचं सेटिंग) चालू करावा लागतो. पूल असेल तर कनेक्शन हाती येताच चालणारा कस्टमायझर लिहा आणि त्यातच 'बिझी-टाइमआउट'ही द्या. नाहीतर दोन जणांनी एकदम लिहायला घेतलं की 'डेटाबेस कुलूपबंद आहे' हे ऐकावं लागतं.

## तारखा साडेपाच तासांनी मागे-पुढे होतात.

भारतात बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा भेटतोच. डेटाबेसमध्ये कॉलम नुसता 'टाइमस्टॅम्प' असेल तर रस्टमध्ये 'नाइव्ह-डेटटाइम' मिळतो आणि तो कुठल्या घड्याळाचा हे कोणालाच माहीत नसतं. कोडने भारतीय वेळ लिहिली, सर्व्हरने यूटीसी समजून वाचली, झालं. कॉलम 'टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन' करा, रस्टमध्ये यूटीसीचा 'डेटटाइम' घ्या आणि भारतीय वेळेत रूपांतर फक्त पडद्यावर दाखवताना करा. परतीच्या तारखेसाठी मात्र साधा 'डेट' पुरे. मुदत दिवसांत मोजायची असते, तिथे तास आणूच नका.

## मराठी मजकूर नीट राहतो का? क्रम नीट लागतो का?

राहतो. रस्टची 'स्ट्रिंग' मुळातच यूटीएफ-८ आहे. फक्त लांबी तपासताना सांभाळा: रस्टचा 'लेन' बाइट मोजतो आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. 'मराठी' हा शब्द त्याच्या लेखी १५ लांबीचा. पोस्टग्रेसचा 'व्हारचार' मात्र चिन्हं मोजतो आणि त्याच शब्दाला ५ म्हणतो. मायएसक्यूएलवर 'यूटीएफ८एमबी४' घ्या. जुन्या तीन बाइटांच्या प्रकारात देवनागरी बसतं, पण सभासदाने अभिप्रायात इमोजी टाकला की अडतं.

क्रमाचं दुखणं वेगळं. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये बसवलेला आहे, आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. एसक्यूलाइट मुळात बाइटांवरून क्रम लावतो, त्यामुळे तिथे युनिकोडचाच क्रम मिळतो. 'क्ष' आणि 'ज्ञ' तर 'क' आणि 'ज'च्या पोटात जातात. पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या युनिकोड-लायब्ररीचं मराठी कोलेशन (क्रम लावायचे नियम) आहे. ते मायग्रेशनमध्येच कॉलमला लावून टाका, म्हणजे डिझेलच्या क्वेरीत वेगळं काही लिहावं लागत नाही, आणि आपल्या यादीवर क्रम स्वतः पाहून घ्या. ग्रंथपालबाईंना हा फरक पहिल्या दिवशी दिसतो, प्रोग्रामरला वर्षभरात दिसत नाही.

## टेबलांची आणि कॉलमांची नावंच देवनागरीत ठेवली तर?

चालतात. रस्ट १.५३पासून, म्हणजे जून २०२१पासून, अशी नावं स्वीकारतो आणि डिझेल क्वेरीत सगळी नावं अवतरणात घालतं. पण पोस्टग्रेसमध्ये नावाला ६३ बाइटांची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीची २१ चिन्हं, काना-मात्रा-वेलांट्या धरून. 'परत_करण्याची_तारीख' जेमतेम बसतं, त्यावर इंडेक्सचं नाव बेतायला गेलात की पोस्टग्रेस शेपूट कापतो. मी हौसेने एकदा केलं आणि तिसऱ्या टेबलाला सोडून दिलं.

## डिझेल खरोखर कोणती क्वेरी पाठवतंय ते कसं पाहायचं?

'डिबग-क्वेरी'ला क्वेरी द्या आणि छापा. एसक्यूएल आणि सोबत बांधलेल्या किमती दिसतात. किमती मजकुरात मिसळलेल्या नसतात, वेगळ्या जातात, म्हणून नेहमीच्या डिझेल क्वेरीत एसक्यूएल इंजेक्शनला वाव नाही. 'एसक्यूएल-क्वेरी' वापरून स्वतः मजकूर लिहिलात आणि त्यात सभासदाने टाइप केलेलं 'फॉरमॅट'ने चिकटवलंत तर मात्र तो वाव तुम्ही दिलात. तिथेही 'बाइंड' आहे, तो वापरा.

## जुन्या नोंदवहीतली वीस हजार पुस्तकं एकदम घालायची आहेत.

'व्हेक' (रस्टची यादी) देऊन एकाच 'इन्सर्ट'मध्ये घालता येतात, पण पोस्टग्रेसवर एका क्वेरीत ६५,५३५हून जास्त बांधलेल्या किमती जात नाहीत. पुस्तकाला पाच कॉलम असतील तर एका खेपेला १३,१०७ ओळी. मी हजाराचे तुकडे करून एका ट्रान्झॅक्शनमध्ये घालतो. पाचशेहून खाली तुकडे करण्यात अर्थ नाही, आणि ओळीमागे एक 'इन्सर्ट' करत बसलात तर जेवून या.

## चाचण्यांसाठी दर वेळी डेटाबेस नवा करावा लागतो का?

नाही. चाचणीच्या सुरुवातीला 'बिगिन-टेस्ट-ट्रान्झॅक्शन' करा. तो कधीच कमिट होत नाही, कनेक्शन सुटलं की सगळं पुसलं जातं. फक्त चाचणीत 'नव्या पुस्तकाचा क्रमांक १ आहे' असं तपासू नका. पोस्टग्रेसच्या सीक्वेन्स (पुढचा क्रमांक देणारे मोजक) रोलबॅकने मागे येत नाहीत, दुसऱ्या वेळी तो क्रमांक २ असतो.